फायरप्लेसचा ब्लोअर दर जानेवारीत का जळतो?

दोन हिवाळ्यांत तीन ब्लोअर. हा हिशेब माझ्या साडूंच्या घरचा. गिरणारे रस्त्याला द्राक्षबागांना लागून त्यांचं फार्महाऊस आहे. हॉलमध्ये आर्किटेक्टने हौसेने फायरप्लेस करून दिली. आता नाशिकला फायरप्लेस म्हटलं की मुंबईचे पाहुणे हसतात, पण ते कधी जानेवारीच्या पहाटे इकडे राहिलेले नसतात. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की आमच्याकडे मणी तडकू नयेत म्हणून बागांत शेकोट्या पेटतात. त्या पहाटे धरणाकडून वारा सुटलेला असताना दगडी फरशीच्या हॉलमध्ये चहा प्यायचा, तर कप दोन्ही हातांत धरावा लागतो.

तर फायरप्लेस पेटायची, ब्लोअर लागायचा, दहा-पंधरा दिवस बरा चालायचा आणि जानेवारीत कधीतरी रात्री साडूंचा फोन यायचा, "साडूभाऊ, गेला हो परत."

मी सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला तीस वर्षं काढली. घरातलं काहीही जळलं की नातेवाइकांना आधी माझी आठवण येते. पण इथे मिरवण्यासारखं काही नाही, कारण त्या तीनमधला तिसरा ब्लोअर मीच निवडून दिला होता. तिघांची कारणं वेगवेगळी होती. तुमच्याकडेही वारंवार जळत असेल तर यांतलंच एखादं कारण असण्याची शक्यता दाट आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला ब्लोअर: भट्टीचा

पहिल्या वेळी साडू स्वतः भद्रकालीत गेले. दुकानदाराने विचारलं, "कशाला पाहिजे?" हे म्हणाले, "विस्तवाला." त्याने बिचाऱ्याने विस्तवाचाच दिला. लोहाराच्या भट्टीला, हॉटेलच्या कोळशाच्या शेगडीला लावतात तो, गोगलगायीसारख्या बिडाच्या अंगाचा. साडूंनी त्याचं तोंड फायरप्लेसच्या खालच्या जाळीत बसवलं आणि बटण दाबलं. लाकडं तडतडून भडकली, राखेचा लोट बाहेर आला आणि मेव्हणीच्या नव्या सोफ्याला तीन भोकं पडली. ती भोकं अजून आहेत, त्यावर उशी ठेवलेली असते.

चूक दुकानदाराची नाही. आपल्याकडे ब्लोअर म्हटलं की फुंकणी किंवा भाता डोळ्यांसमोर येतो, म्हणजे विस्तवाला वारा घालायची वस्तू. फायरप्लेसच्या ब्लोअरने विस्तवाला शिवायचंसुद्धा नसतं. नीट केलेल्या फायरप्लेसमध्ये आत एक जाड लोखंडी पेटी असते, तिच्यात लाकडं जळतात. पेटीच्या मागून, वरून आणि बाजूंनी दुसरा पत्रा असतो आणि दोन्हींच्या मध्ये दीड-दोन इंचांची पोकळी. फॅब्रिकेटर तिला जॅकेट म्हणतात. ब्लोअर खोलीतली गार हवा खालून या पोकळीत ढकलतो, ती पेटीच्या तापलेल्या पाठीला घासत वर चढते आणि वरच्या फटीतून गरम होऊन खोलीत येते. विस्तवाला लागणारी हवा विस्तव आपली आपण खालच्या झडपेतून ओढतो, आणि धूर धुरांड्याने जातो. या दोन वाटा कुठेही एक होता कामा नयेत.

म्हणून ब्लोअर शोधायच्या आधी टॉर्च घेऊन फायरप्लेसमध्ये डोकवा. तुमच्याकडे नुसता विटांचा कोनाडा आणि वर धुरांडं असेल, जॅकेट नसेल, तर कुठलाही ब्लोअर घेऊ नका. अशा उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडाची बहुतेक उष्णता धुरांड्यातून आभाळात जाते. वर खोलीतली ऊबदार हवाही ती ओढून नेते आणि दाराखालच्या फटीतून गार हवा आत येते. तिथे आधी आतली पेटी बसवून घ्या, ब्लोअरचं नंतर बघू.

साडूंच्या फायरप्लेसला जॅकेट होतं. त्यामुळे गोष्ट पुढे सरकली.

दुसरा ब्लोअर: अमेरिकेचा

भाचा अमेरिकेत असतो. तिकडे घरोघरी फायरप्लेस असल्यामुळे तयार ब्लोअर मिळतात. त्याने येताना एक आणला. अस्सल वस्तू, आवाज जवळजवळ नाही, सोबत थर्मोस्टॅट, सगळं काही. प्लेटवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं. साडूंनी हुशारीने स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणला, २३० चे ११५ व्होल्ट केले आणि ब्लोअर चालू केला. सोळाव्या दिवशी वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, जळल्याचा वास आला.

"अहो, व्होल्टेज तर बरोबर दिलं होतं!" साडूंचं म्हणणं खरं होतं. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, सायकल म्हणजे हर्ट्झ बदलत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. या ब्लोअरमध्ये बहुधा शेडेड पोल मोटर असते, फ्रीजच्या मागच्या छोट्या पंख्यात असते तीच जात. ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेली कॉइल ५० वर चालवली की कॉइलचा विरोध कमी पडतो, करंट जास्त खेचला जातो, लोखंडी पट्ट्यांचा गठ्ठा चुंबकत्वाने तुडुंब भरतो आणि मोटर तापायला लागते. भरीला स्पीड साधारण एक षष्ठांशाने उतरतो, म्हणजे मोटरला गार करणारा वाराही तेवढाच कमी. आतून ताप वाढला आणि बाहेरून गारवा घटला, मग पंधरा दिवस टिकली हेच खूप झालं.

असा ब्लोअर तुमच्याकडे आधीच असेल आणि टाकवत नसेल तर एक तोड आहे. व्होल्ट भागिले हर्ट्झ हे गुणोत्तर सांभाळायचं. १२० ला ६० ने भागलं की २ येतात, म्हणून ५० हर्ट्झवर त्याला १०० व्होल्ट द्यायचे, ११५ किंवा १२० नाही. १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर कुणीही गुंडाळून देतो. हवा थोडी कमी मिळेल, पण मोटर जगेल. नवीन घेणार असाल तर मात्र प्लेटवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वाचल्याशिवाय पैसे काढू नका. "५०/६० हर्ट्झ" असं दोन्ही छापलेलं असेल तरी चालेल.

या ब्लोअरची शेपूट अजून बाकी आहे. साडूंनी तो रिवाइंडिंगला दिला. परत आला तेव्हा मोटर मस्त फिरत होती, गरमही होत नव्हती, पण वरच्या फटीतून हवा म्हणून येत नव्हती. साडू म्हणाले, वायर उलट जोडली असेल. शेडेड पोल मोटर वायर उलटसुलट करून उलटी फिरत नाही. ती कुठल्या बाजूला फिरणार हे तिच्या पोलवरच्या तांब्याच्या कड्या ठरवतात. कारागिराने मोटर खोलून परत जुळवताना स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, पालथा बसवला होता. आणि गंमत अशी की असा पिंजऱ्यासारखा इंपेलर, म्हणजे हवा ढकलणारं पंखांचं चाक, उलटा फिरला तरी हवा त्याच तोंडातून बाहेर येते, फक्त निम्म्याहून कमी. त्यामुळे माणूस फसतो. ब्लोअरच्या अंगावर बाण असतो, तो बघा. बाण नसेल तर बंद करताना शेवटचे दोन-तीन फेरे कुठे जातात ते बघा. पंख इंपेलर ज्या बाजूला फिरतो त्या बाजूला पुढे वळलेले दिसले पाहिजेत.

तिसरा ब्लोअर: माझा

आता माझी पाळी. मी म्हटलं, हे नखरे नकोत. अंबडला पॅनेल बनवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून कंट्रोल पॅनेल गार करायचे दोन पंखे आणले. पाच इंची, चौकोनी, २३० व्होल्टचे. खाली दगडी चौथरा असल्यामुळे बसवायला जागा नव्हती, म्हणून वरच्या फटीमागे बसवले, गरम हवा ओढून बाहेर फेकतील अशा बेताने. डब्यावर लिहिलेले सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, दोघांचे मिळून जवळजवळ दोनशे होत होते. मी खुशीत होतो.

यात तीन चुका होत्या, आणि एका अभियंत्याच्या हातून तीनही एकाच वेळी व्हाव्यात याचं मला आजही वाईट वाटतं.

एक, डब्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पंखा टेबलावर ठेवून, समोर-मागे काही नसताना तो तेवढी हवा देतो. जॅकेटमधली हवा दीड इंचाच्या पोकळीतून, दोन वळणं घेत जाते. चपट्या पंख्याला म्हणजे अक्षीय पंख्याला अशा अडथळ्यासमोर जोरच नसतो. तो जागच्या जागी हवा घुसळत बसतो. मी फटीसमोर टिश्यू पेपरची पट्टी धरली तर ती जेमतेम हलत होती.

दोन, पंखा गरम बाजूला. अशा पंख्यांची मोटर साधारण ६०-७० अंशांच्या हवेपर्यंत काम करायला बनवलेली असते. माझ्या इन्फ्रारेड थर्मामीटरने वरच्या फटीचा पत्रा ११० अंश दाखवला. शिवाय आत बुश बेअरिंग होतं, म्हणजे गोळ्यांशिवाय, नुसत्या तेलावर फिरणारं. त्यातलं तेल आठ दिवसांत आटलं आणि पंख्यातून चिमणीच्या पिल्लांसारखा चिवचिवाट यायला लागला.

तीन, लाईट. एका संध्याकाळी फायरप्लेस पूर्ण पेटलेली असताना साडेआठला लाईट गेली आणि पावणेदहाला आली. सव्वा तास दोन्ही पंखे त्या भट्टीच्या तोंडाशी स्थिर उभे होते. वारा बंद, ताप चालू. लाईट आली तेव्हा एक न फिरता नुसता घुमत राहिला, दुसरा तेवढंही करेना.

आता घ्यायचा कोणता

ब्लोअर तीन जातींचे असतात. चपटा अक्षीय पंखा, तो मी वर बाद केलाच. दुसरा लांब रूळाचा, ज्याला टँजेन्शियल किंवा क्रॉसफ्लो म्हणतात. घरातल्या स्प्लिट एसीच्या इनडोअर युनिटमध्ये डोकावलात तर आडवा दंडगोल फिरताना दिसतो, तोच. आवाज सगळ्यांत कमी, आणि लांबट फटीतून हवा सगळीकडे सारखी येते. पण जोर कमी. पोकळी रुंद आणि वाट सरळ असेल, ब्लोअर फायरप्लेसच्या थेट खाली लांबीभर मावत असेल, तर हाच घ्या. तिसरा सेंट्रिफ्यूगल, गोगलगायीच्या आकाराचा, आत खारीच्या पिंजऱ्यासारखा इंपेलर. आवाज थोडा जास्त, पण अरुंद पोकळीतून आणि पाइपातून हवा ढकलायची ताकद त्याचीच. आकार भट्टीच्या ब्लोअरसारखा असला तरी दोघांत गल्लत करू नका. भट्टीचा बारीक तोंडातून सुसाट वारा मारतो, हा रुंद तोंडातून सावकाश पुष्कळ हवा देतो.

साडूंच्या जॅकेटला दोन वळणं होती, म्हणून सेंट्रिफ्यूगल.

किती मोठा, याचा हिशेब कुणीच करत नाही. खोलीच्या आकारावरून ब्लोअर निवडायची पद्धत दुकानात चालते. ती मला पटत नाही. ब्लोअर उष्णता तयार करत नाही, वाहून नेतो. म्हणजे हमालाला ओझं किती हे आधी बघायला हवं. वाळलेलं बाभळीचं लाकूड किलोमागे साधारण चार युनिट उष्णता देतं. साडूंकडे तासाला दोन किलो जळतं, म्हणजे आठ किलोवॅट. यातलं निम्मं-पाऊण पेटीकडून खोलीला मिळतं, बाकी धुरांड्यात. चार-साडेचार धरा. त्यातला जवळजवळ अर्धा भाग समोरच्या काचेतून नुसत्या धगीने येतो, त्याला ब्लोअर लागत नाही. उरले सव्वादोन किलोवॅट.

आता लक्षात ठेवायला सोपा आकडा. तासाला १०० घनमीटर हवा ३० अंशांनी तापवली की एक किलोवॅट वाहून नेला जातो. आपल्याला सव्वादोन न्यायचे आहेत आणि ३५ अंशांची वाढ चालेल, म्हणजे तासाला साधारण २०० घनमीटर. अडथळ्यात पाव-तिसरा हिस्सा हवा जाते, म्हणून डब्यावर मोकळ्या हवेचा २५० ते ३०० घनमीटरचा आकडा हवा. दुकानदार सीएफएममध्ये बोलतो. एक सीएफएम म्हणजे तासाला १.७ घनमीटर, त्या हिशेबाने १५० ते १७५ सीएफएम. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने हवा पाच-सहा टक्के विरळ आहे, पण घरगुती हिशेबात ते सोडून द्या.

"मग पाचशेचाच घेऊन टाकू, झंझट नको," असं साडू म्हणालेच. लोकांना वाटतं जितका मोठा ब्लोअर तितकी जास्त ऊब. उलटं होतं. ५०० सीएफएम म्हणजे तासाला ८५० घनमीटर हवा. तेवढ्याच सव्वादोन किलोवॅटात ती हवा जेमतेम आठ अंशांनी तापते. खोलीत १६ अंश असतील तर फटीतून २४ अंशांची हवा जोराने अंगावर येणार. वाऱ्याच्या झोतात २४ अंश गारच लागतात. मेव्हणी म्हणेल, "हा तर कूलर झाला." दुसरं म्हणजे पेटी एवढी गार होते की लाकूड नीट जळत नाही, काच काळी पडते आणि धुरांड्याच्या आत डांबरासारखा चिकट थर धरतो. तो थर पुढे एखाद्या दिवशी स्वतःच पेट घेऊ शकतो. ओलं लाकूड घातल्यावरही हेच होतं, आणि बागेतल्या छाटणीच्या काड्या घातल्या तर त्या कागदासारख्या भुर्रकन जळून जातात, ऊब काही टिकत नाही. वर त्यांच्यावर वर्षभराच्या फवारण्या झालेल्या असतात, त्या घरात जाळू नयेत. वाळलेली बाभूळच बरी.

बेअरिंग बॉलचंच घ्या. दुकानदाराला स्पष्ट विचारा, "बुश आहे की बॉल बेअरिंग?" बुशचा आवाज नवा असताना कमी असतो म्हणून तो दाखवून विकतात. इन्सुलेशनचा वर्गही प्लेटवर असतो. बी म्हणजे १३० अंशांपर्यंत, एफ म्हणजे १५५, एच म्हणजे १८०. एफ मिळाला तर उत्तम.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, ज्यावर माझा तिसरा ब्लोअर गेला: ब्लोअर नेहमी गार बाजूला. त्याने खोलीतली गार हवा ओढावी आणि जॅकेटमध्ये ढकलावी. गार हवा आधी मोटरवरून जाते, मोटर आपोआप थंड राहते. आम्ही शेवटी दगडी चौथऱ्याला बाजूने कोरून घेतलं, ब्लोअर पेटीपासून दीड फूट लांब जमिनीलगत ठेवला आणि पत्र्याच्या छोट्या डक्टने जॅकेटच्या खालच्या तोंडाला जोडला. दगड कोरायला ब्लोअरपेक्षा जास्त खर्च आला. तरी दोन हिवाळे झाले, तोच चालू आहे.

थर्मोस्टॅट आणि वायरिंगच्या खोड्या

ब्लोअर पेटी तापल्यावर सुरू व्हावा आणि विझल्यावर बंद व्हावा, यासाठी बोटाच्या पेराएवढी एक चकती लावतात. बाजारात तिला केएसडी ३०१ म्हणतात. मागताना "४५ डिग्री, एनओ" असं मागा. एनओ म्हणजे गार असताना उघडी आणि तापल्यावर जुळणारी. गिझरचा कटआउट दिसायला हुबेहूब असाच असतो, पण तो एनसी, म्हणजे तापल्यावर तुटणारा. तो लावला तर ब्लोअर थंड फायरप्लेसला दिवसभर वारा घालेल आणि विस्तव पेटला की बंद पडेल. एकांनी हे खरोखर केलं होतं. ब्लोअर खराब म्हणून दोनदा बदललाही.

दुकानातच तपासायचं असेल तर मल्टीमीटर बझरवर ठेवा, चकतीच्या दोन पायांना लावा आणि चकती चहाच्या गरम ग्लासला टेकवा. काही सेकंदांत टक् आवाज आला आणि बझर वाजला तर एनओ. गार झाल्यावर दहा-पंधरा अंश खाली आली की परत टक् करून तुटते.

चकती पेटीच्या अंगाला चिकटवू नका, तिथे ती भाजून निघते. जॅकेटच्या बाहेरच्या पत्र्यावर, खालच्या तृतीयांशात लावा. ब्लोअर दर पाच मिनिटांनी चालू-बंद होत असेल तर बहुतेक वेळा चकती ब्लोअरच्याच गार झोतात असते. ती चार बोटं बाजूला सरकवली की प्रश्न सुटतो.

वायर साधी पीव्हीसी असेल तर ती ७० अंशांपर्यंतच. पत्र्याला टेकणाऱ्या भागात सिलिकॉन वायर वापरा, निदान काचेच्या धाग्याची स्लीव्ह चढवा. अर्थिंग पत्र्याच्या बॉडीला हवीच. स्पीडसाठी रेग्युलेटर लावणार असाल तर सगळ्यांत कमी स्पीडवर ठेवून थंड मोटर स्वतःहून उठते का ते बघा. उठत नसेल आणि नुसती घुमत असेल तर तो स्पीड वापरायचा नाही, घुमणारी मोटर तापून जळू शकते.

लाईट जाण्यावर उपाय म्हणजे ब्लोअर इन्व्हर्टरच्या लाईनवर घेणं. पन्नास-साठ वॅटचा तर लोड. पण इन्व्हर्टर साइनवेव्हचा हवा. जुन्या स्क्वेअरवेव्हवर ही मोटर गुरगुरते आणि तापते. इन्व्हर्टर नसेल तर लाईट गेल्यावर आधी खालची हवेची झडप जवळजवळ मिटा, म्हणजे विस्तव मंदावेल. आम्ही तो नियम फायरप्लेसच्या बाजूला खडूने लिहून ठेवला आहे, कारण अंधारात आधी सगळे मेणबत्ती शोधायला पळतात.

आवाजावरून दुखणं ओळखा

घुमतो पण फिरत नाही: प्लग काढा आणि बोटाने इंपेलर फिरवा. जड लागला तर बेअरिंग गेलं. हलका फिरत असेल तर व्होल्टेज किंवा वाइंडिंग बघा.

खर्र खर्र घासतो: इंपेलर बाजूला सरकलाय, शाफ्टवरचा बारीक स्क्रू ढिला झालाय. किंवा आत कुणीतरी राहायला आलंय. साडूंच्या ब्लोअरमध्ये गेल्या दिवाळीआधी कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, तीन कप्प्यांचं, अगदी इंपेलरच्या पंखांमध्ये. पावसाळाभर बंद असलेल्या फार्महाऊसमध्ये हे ठरलेलंच. आता जूनमध्ये आम्ही ब्लोअरच्या तोंडाला नायलॉनची बारीक जाळी बांधून ठेवतो, आणि दिवाळीत काढतो. त्र्यंबक, इगतपुरीकडे पाऊस जास्त, तिकडे महिन्यातून एकदा दहा मिनिटं नुसता ब्लोअर फिरवा, म्हणजे दमटपणाने बेअरिंग धरत नाही.

फिरतो पण हवा कमी: पंखांवर राख आणि केसांचा थर असतो. कुत्रा पाळलेला असेल तर नक्कीच. जुन्या टूथब्रशने एकेक पंख साफ करा. कॉम्प्रेसरचा वारा मारताना इंपेलर हाताने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते.

ब्लोअर चालू केला की विस्तव भडकतो: हे लक्षण मात्र हसण्यावारी नेऊ नका. जॅकेट आणि पेटीमधल्या वेल्डला तडा गेला आहे, हवा फटीतून विस्तवात शिरते आहे. रात्री दिवे घालवून पेटीत प्रखर टॉर्च ठेवा आणि वरच्या फटीतून जॅकेटमध्ये बघा, उजेडाची रेघ दिसली तर तिथे तडा. तो वेल्ड करून घेईपर्यंत फायरप्लेस पेटवायची नाही. माझे पंखे वर बसून हवा ओढत होते तेव्हा असा तडा असता, तर त्यांनी तोच धूर हॉलमध्ये ओढला असता. धूर निदान डोळ्यांना झोंबतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही की वास नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या दर थंडीत येतात, त्याचं कारण हाच वायू. हॉलमध्ये त्याचा अलार्म लावा आणि एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा.

खिडकीचं आणखी एक कारण. साडूंकडे दर रविवारी दुपारी धूर उलटा हॉलमध्ये यायचा आणि सगळे ब्लोअरला शिव्या घालायचे. रविवारी मटण असतं. मटण शिजताना स्वयंपाकघरातली इलेक्ट्रिक चिमणी फुल स्पीडवर असते, आणि तिच्यावर तासाला हजार-बाराशे घनमीटर असा आकडा छापलेला असतो. दारंखिडक्या बंद घरात ती एवढी हवा आणणार कुठून? फायरप्लेसच्या धुरांड्यातून. हे कळल्यापासून मेव्हणी चिमणी लावायच्या आधी मागचं दार उघडते, आणि हॉलमध्ये बसलेल्यांना ओरडून सांगते, "लाकूड नका टाकू रे आता, रस्सा उकळतोय."